मदतीचा हात जरा लांबूनच

"अहो, जरा हात लावता का?"

हे वाक्य तुमच्या घरात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येत असेल. कपाट सरकवायचं असतं, फ्रिज पुढे ओढायचा असतो, गॅसचा सिलिंडर आत घ्यायचा असतो. आपण हातातलं काम टाकून उठतो आणि हात लावतो. हातभार लावणं, हात देणं, हाताशी येणं... आपल्या भाषेत मदत म्हटली की हात आलाच.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, जयपूरच्या एका बांधकामावर मी हेच वाक्य हिंदीत म्हणालो. "चाचा, जरा हाथ लगाना." चाचांनी लगेच हात लावला. पुढच्याच क्षणी त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली.

त्या दिवसापासून हे वाक्य मी कामावर पुन्हा उच्चारलेलं नाही. का, ते तुम्हाला सांगायचं आहे. गोष्ट बांधकामावरची असली, तरी तिच्यातला धडा तुमच्या-माझ्या घरातही तितकाच लागू पडतो.

हातांवर जगणारं शहर

मी मूळचा कराडचा. सिव्हिलचा डिप्लोमा केला, चार वर्षं पुण्यात काढली आणि मग जयपूरला आलो. त्याला आता नऊ वर्षं झाली. जगतपुऱ्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या एका निवासी इमारतीवर यंत्रसामग्री माझ्या ताब्यात असते. मिक्सर, जनरेटर, सळया वाकवायचं मशीन, पंप. ही यंत्रं कुठून कुठे जाणार, ट्रकवर कशी चढणार, कशी उतरणार, हे पाहणं माझं काम.

जयपूर म्हटलं की तुम्हाला हवामहल आठवत असेल. मला आठवते ती चौखटी. आपल्याकडे ज्याला मजूर अड्डा किंवा नाका म्हणतात, त्याला इथे चौखटी म्हणतात. सकाळी सात वाजता रस्त्याच्या कडेला शेकडो माणसं उभी असतात. कुणाच्या हातात थापी, कुणाच्या खांद्यावर फावडं, प्रत्येकाच्या पिशवीत डबा. ठेकेदार येतो, माणसं निवडतो आणि घेऊन जातो. उरलेले ऊन चढेपर्यंत वाट पाहतात.

हे शहरच हातांवर जगतं. सांगानेर आणि बगरूला लाकडी ठशांनी कापड छापतात. जौहरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत रत्नांना पैलू पाडतात. मनिहारों का रास्ता या गल्लीत लाखेच्या बांगड्या वळतात, तर खजानेवालों का रास्ता इथे संगमरवराच्या मूर्ती घडतात. चौखटीवरच्या माणसाकडे मात्र यातली कुठलीच खास कला नसते. त्याचं भांडवल म्हणजे नुसते दोन हात.

चाचा चौखटीवरचे नव्हते. ते खलाशी होते. बांधकामावर जड यंत्रं बांधून उचलणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. मूळचे बिहारचे, वय पन्नाशीच्या पुढे, आवाज मऊ. दोराला अशी गाठ मारायचे की दोन टनांच्या ओझ्यालाही ती सरकायची नाही, आणि सोडायची म्हटली की एका हिसक्यात सुटायची. सगळेच त्यांना चाचा म्हणत. मीसुद्धा.

चार इंचांची गोष्ट

त्या दिवशी एक जुना जनरेटर दुसऱ्या साइटवर पाठवायचा होता. वजन दोन टनांच्या आसपास. पारा बेचाळीसच्या वर जाणार होता, म्हणून आम्ही सकाळीच काम धरलं. हायड्रा क्रेन आली, ट्रक आला. चाचांनी जनरेटरला दोन बेल्ट लावले. ट्रकमध्ये दोन लाकडी स्लीपर आडवे टाकले होते, म्हणजे जनरेटर त्यांच्यावर बसेल आणि खालून बेल्ट काढता येतील.

सगळं नीट चाललं होतं. जनरेटर ट्रकवर आला, खाली येऊ लागला आणि स्लीपरपासून चार-एक इंचांवर थांबला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की एक स्लीपर थोडा तिरका झालाय. खरं तर जनरेटर वर घ्यायला सांगायचं, बाजूला करायचं, स्लीपर सरळ करायचा आणि पुन्हा आणायचं. लागली असती पाच मिनिटं. पण ट्रकवाला घाई करत होता, ऊन चढत होतं. मी म्हणालो, "चाचा, जरा हाथ लगाना, सीधा कर दो."

चाचांनी स्लीपर वरून धरला. म्हणजे चार बोटं वरच्या बाजूला, जनरेटरच्या बरोबर खाली. हायड्राच्या ड्रायव्हरला ते दिसत नव्हते. ट्रकच्या पलीकडे उभ्या असलेल्या पोराला वाटलं, झालं सरळ. तो ओरडला, "आने दो!"

चार इंच. एवढंच अंतर होतं.

चाचा ओरडलेसुद्धा नाहीत. नुसतं "अरे" म्हणाले. त्यांच्या हातात चांगले जाड हातमोजे होते. बेल्ट नवे होते, क्रेन ठीक होती, ड्रायव्हर जुना होता. कुणी प्यायलेलं नव्हतं, कुणी मस्करी करत नव्हतं. अपघात म्हटला की आपण काही तरी तुटलं, पडलं, घसरलं असं धरून चालतो. इथे काहीच तुटलं नव्हतं. एका भल्या माणसाने मदतीचा हात पुढे केला होता, आणि तो मी मागितला होता.

रात्री माझ्या सात वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाबा, त्या काकांनी हात तिथे का घातला?" मी म्हणालो, "मी सांगितलं म्हणून." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

बर्फातली चूक

चाचांच्या मोज्यात तर्जनीचं टोक राहिलं होतं. कुणीतरी चटकन ते पाण्याच्या कॅम्परमधल्या बर्फात टाकलं. त्याला वाटलं, आपण हुशारी केली. रुग्णालयात डॉक्टरांनी ते पाहिलं आणि मान हलवली. बोट इतकं चेंगरलं होतं की ते जोडता आलंच नसतं, असं त्यांनी सांगितलं. पण धारदार वस्तूने स्वच्छ तुटलेलं बोट असतं, तर थेट बर्फ लावल्याने तेही वाया गेलं असतं.

त्यांनी सांगितलेली पद्धत तुम्हीही लक्षात ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुवायचा, घासायचा नाही. किंचित ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळायचा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं. मग ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फ त्या भागाला थेट लागता कामा नये. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि हात छातीपेक्षा उंच ठेवायचा. हळद, चहापूड, चुना काही लावायचं नाही. बोटाला दोरी करकचून बांधायची नाही. बोटात अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढायची. आणि एक मिनिटही न घालवता मोठं रुग्णालय गाठायचं.

बोटाची किंमत

चाचांच्या भरपाईसाठी मी धावपळ सुरू केली तेव्हा ठेकेदाराने आधी हात वर केले. "खुद की गलती है," म्हणाला. तेव्हा मी पहिल्यांदा १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा उघडून वाचला. त्याला एक यादी जोडलेली होती. कुठला अवयव गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, ते तिच्यात लिहिलेलं होतं. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिचं एक पेर गेलं तर ९. मधल्या बोटाचं एक पेर ७. करंगळी अख्खी गेली तरी ७.

चाचांचं एक पेर तर्जनीचं, एक मधल्या बोटाचं. नऊ आणि सात, सोळा.

भरपाईसाठी हिशेब लागतो, म्हणून यादी हवीच. पण खलाशाची कमाई गाठीत असते, आणि गाठ तर्जनीच्या टोकाला कळते. दोर किती ताणलाय, पीळ बसलाय की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही, बोटाच्या टोकाला जाणवतं. ते त्या टक्क्यांत कुठे बसणार? चाचांना सुरुवातीला सदऱ्याची बटणं लागत नव्हती. गावाकडे रेशनच्या दुकानात ते नेहमी हेच बोट यंत्रावर ठेवायचे. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, त्यामुळे दुसरं बोट चालतं. पण तिथे पहिल्यांदा दुसरं बोट पुढे करताना रडू आलं, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

अखेर भरपाई मिळाली, कारण हजेरीच्या वहीत त्यांचं नाव होतं आणि रुग्णालयाच्या कागदावर 'कामावर झालेली इजा' असं पहिल्याच दिवशी लिहून घेतलं होतं. तुमच्या ओळखीत कुणी बांधकामावर असेल तर त्यांना एवढं नक्की सांगा: हजेरीचा पुरावा जपून ठेवा, आणि रुग्णालयात खरं कारण लिहून घ्या. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला कल्याण मंडळात नोंदणीचा हक्क दिला. चाचांची ती नोंदणी नव्हती. कुणी फॉर्मच भरून दिला नव्हता. नंतर आमच्या साइटवरचे फॉर्म मी रविवारी बसून भरले.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलो असताना एक विचार सारखा येत होता. याच शहरात १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने 'जयपूर फूट' घडवला. मांडी घालून बसता येईल, उकिडवं बसता येईल, शेतात चिखलातून चालता येईल असा रबराचा पाय. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ साली सुरू झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती आजही इथे लोकांना असे पाय मोफत बसवून देते. ज्यांचे हात गेले त्यांना कृत्रिम हातही देते. फार मोठं काम आहे हे. पण गाठीचा पीळ ओळखणारं बोटाचं टोक चाचांना आता कुठून आणून देणार? पाय घडवणाऱ्या या शहरात बसून मला हेच कळत होतं की बोट गेल्यावर नव्हे, जाण्याआधीच वाचवावं लागतं.

हात पुढे का जातो?

मी पुष्कळ विचार केला, की चाचांसारख्या मुरलेल्या माणसाचा हात तिथे गेला कसा. उत्तर सोपं आहे. टेबलावरून पेला घसरला की आपला हात आपोआप पुढे जातो. विचार करायला वेळच नसतो. पेला पावशेराचा असतो, म्हणून ही सवय आपल्याला फायद्याची ठरते. पण हाताला वजन कळत नाही. पेला असो की दोन टनांचं यंत्र, काही कललं की तो तसाच पुढे जातो.

त्यात जड वस्तू फसवी असते. ती सावकाश हलते, आवाज करत नाही. सावकाश हलणाऱ्या वस्तूची आपल्याला भीती वाटत नाही. आपल्या हातात मनगटापासून पुढे २७ हाडं असतात, आणि बोटांवर गादीसारखं मांस फारसं नसतं. बोटं हलवणारे मुख्य स्नायू पुढच्या हातात, कोपराखाली असतात. बोटात असतात त्या त्यांच्या दोऱ्या. म्हणून बोट चेंगरलं की मार थेट हाडावर येतो.

आणि हातमोजे? ते जरूर घाला. उन्हात तापलेली सळई, पत्र्याची धार, लाकडाची कुसळं यांपासून ते वाचवतात. पण दोन टनांच्या वजनाला मोजा म्हणजे कागद. उलट फिरत्या मिक्सरजवळ किंवा ड्रिलजवळ सैल मोजा अडकला तर हातालाही ओढून नेतो. मोजा घातला की माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत, आणि हात आणखी पुढे जातो. चाचांचा गेला तसाच.

"हाथ दिखाओ"

त्यानंतर आम्ही काम करण्याची रीत बदलली. खर्च जवळजवळ नाहीच, फक्त सवय मोडावी लागली.

ओझं उचलण्याआधी दोन मिनिटं सगळे एकत्र उभे राहतात. प्रश्न एकच: कुणाचा हात कुठे असेल? स्लीपर आधीच सरळ लावून, हलणार नाहीत असे पक्के करतो. तरीही सरकलाच, तर ओझं वर, मग बाजूला, आणि मगच स्लीपरला हात. तोही वरून धरायचा नाही, दोन्ही बाजूंनी धरायचा.

लटकत्या ओझ्याला हाताने वळवायचं नाही. दोन टोकांना दोन लांब दोर बांधतो आणि लांब उभं राहून ओढतो. ढकलायचं असेल तर पाच-सहा फुटांचा दांडा, पुढे आकडा लावलेला. बेल्ट ताणताना तो मुठीत धरायचा नाही, कारण बेल्ट आणि यंत्र यांच्यामध्ये बोटं सापडतात. उघड्या तळव्याने बाहेरून नुसता टेकवायचा, आणि ताण येण्याआधी हात काढायचा. दोन भोकं एकासमोर एक आली का, हे बोट घालून कधीच पाहायचं नाही. त्यासाठी सळईचा तुकडा घ्यायचा. ट्रकचा फाळका उघडताना-लावताना दोघं जण, आणि बिजागरीजवळ कुणाचाही हात नाही.

इशारा देणारा माणूस एकच. 'आने दो' म्हणण्याचा हक्क फक्त त्याला. 'रुको' मात्र कुणीही म्हणू शकतो, अगदी चहावाला पोरगासुद्धा.

सगळ्यात जास्त वाद झाला अंगठ्यांवरून. जयपूर म्हणजे रत्नांचं शहर. इथे साध्या मजुराच्या बोटातही पुष्कराज नाही तर नीलम असतो, खरा किंवा खोटा. अंगठी खिळ्यात किंवा कडेत अडकली आणि माणूस ट्रकवरून उडी मारून उतरला, तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. हायड्राचा ड्रायव्हर ऐकेना. "नग उतारा तो दशा बिगड़ जाएगी, साहब." शेवटी तोडगा निघाला. कामाच्या वेळी अंगठी कापडाच्या छोट्या पुरचुंडीत, सदऱ्याच्या खिशात. रत्न अंगावरच राहिलं आणि बोटही.

आणि शेवटचा नियम. ओझं हलण्याआधी इशारा देणारा ओरडतो, "हाथ दिखाओ!" सगळे दोन्ही हात वर करतात. तो मोजतो. पाच माणसं, दहा हात. दहा दिसले तरच क्रेन हलते. नऊ दिसले तर नाही. सुरुवातीला पोरं हसायची, म्हणायची दरोडा पडलाय काय. आता नवा माणूस आला की तीच त्याला शिकवतात.

तुमच्या घरात

घरात क्रेन नसते, पण चेंगरणाऱ्या जागा असतात. लोखंडी कपाट सरकवताना भिंत आणि कपाट यांच्यामध्ये हात ठेवू नका. तळव्याने ढकला, कडेला बोटं गुंडाळू नका. फ्रिज किंवा वॉशिंग मशीन जिन्यावरून नेताना 'उचला' आणि 'ठेवा' कोण म्हणणार हे आधी ठरवा. खाली ठेवताना दोन लाकडी पट्ट्या आधीच टाका, म्हणजे बोटं निसटायला जागा राहते. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतो. तो फिरवत नेताना खालच्या कडेजवळ हात नको. दुकानाचं शटर ओढताना फटीत बोटं घालू नका, दांडीला धरा. गाडीचा दरवाजा लावण्याआधी मुलांना म्हणा, "हात दाखवा!" माझी मुलगी आता हे स्वतःहून करते. आम्ही गाडीत बसलो की मागून दोन छोटे पंजे वर येतात.

आणि तुमच्या दारात कधी हमाल सामान उतरवत असतील, तर त्यांना पाणी विचारा, सावली द्या, पण "लवकर आटपा" म्हणू नका. घाई आपली असते, बोटं त्यांची जातात.

चाचा चार महिन्यांनी परत आले. त्यांची माफी मागायची, हे मी मनाशी कितीतरी वेळा घोकलं होतं. मी म्हणालो, "चाचा, गलती मेरी थी." ते म्हणाले, "आपने तो मदद ही माँगी थी, साहब. हमने भी मदद ही की थी." मला पुढे बोलता आलं नाही.

आता ते गाठी मारत नाहीत. इशारा देतात. ओझं हलण्याआधी ट्रकसमोर उभे राहतात, आवाज देतात आणि सगळ्यांच्या आधी स्वतःचे दोन्ही हात वर करतात. डाव्या हाताची दोन बोटं आखूड दिसतात. मग ते मोजायला सुरुवात करतात, सावकाश, एकेक हात बघून. ट्रकवाला कितीही भोंगा वाजवो, चाचांची मोजणी पुरी होईपर्यंत हायड्रा जागची हलत नाही.